टपावर किती? : नंदनवनच्या रोजनिशीतली पाने

२२ जून २०२५, रविवार

मंडळाची बैठक सकाळी आमच्या अंगणात झाली. यंदा नागपंचमी २९ जुलैला आहे. तिच्याआधी दहाएक दिवस पचमढीच्या डोंगरात नागद्वारची यात्रा भरते. विदर्भातली अनेक मंडळं त्या पायवाटेवर यात्रेकरूंसाठी अन्नछत्र चालवतात. आमचंही त्यांतलंच एक.

तांदूळ, डाळ, तेलाचे डबे हे सगळं जड सामान भाड्याच्या मिनीट्रकनं आधी रवाना होईल. मागून निघणारी तुकडी पुतण्याच्या बोलेरोनं जाईल. गाडीत चार माणसं, त्यांच्या पिशव्या, औषधांच्या पेट्या. उरतात ताडपत्र्या, सतरंज्या, ब्लँकेटं, मोठे गंज आणि पराती. वजनाला फार नाही, पण जागा खाणारं सामान. त्यासाठी टपावर कॅरिअर लावायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

माझी सगळी नोकरी एसटीच्या हिंगणा कार्यशाळेत बॉडी विभागात झाली. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा : दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा. तेव्हाच्या गाडीला मागे शिडी असे, टपावर कॅरिअर असे. बाजाराच्या दिवशी त्यावर भाजीच्या टोपल्या चढत, गाठोडी चढत, सायकलीही चढत. ते ओझं पत्र्यावर नसे. टपाखाली आडव्या कमानी होत्या, त्या बाजूच्या खांबांना जोडलेल्या होत्या आणि खांब खालच्या सांगाड्याला. लहान गाडीच्या टपाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. बसवर जे चाललं ते बोलेरोवर चालेलच असं नाही. म्हणून लोखंड नंतर पाहू, आधी टपावर किती वजन न्यायचं ते ठरवू, असं बैठकीत सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली.

२४ जून, मंगळवार

आज दुकानं पालथी घातली. समोर तीन मार्ग दिसतात.

पहिला, तयार आडव्या दांड्यांचा. गाडीच्या टपावर दोन्ही बाजूंना लांब रेल असतील तर त्यांना ॲल्युमिनियमच्या दोन आडव्या दांड्या पकडवायच्या आणि वर टोपलीसारखं कॅरिअर बसवायचं. स्वीडनची थुले कंपनी १९४२ पासूनची. असल्या वस्तूंमध्ये तिचं नाव जगभर आहे. टपावरच्या कॅरिअरसाठी आयएसओ १११५४ असं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. तयार माल घ्यायचा तर खोक्यावर किती किलोची क्षमता लिहिली आहे आणि तो कोणत्या मानकाला उतरलेला आहे, हे वाचूनच घ्यावा.

दुसरा मार्ग फसवा. अनेक गाड्यांवरचे रेल निव्वळ शोभेचे असतात, दुहेरी टेपनं किंवा दोन-चार बारीक स्क्रूंनी बसवलेले. ओझ्यासाठी ते केलेलेच नसतात. दिसायला मात्र खऱ्या रेलसारखेच. रेलचा पाय पत्र्याखालच्या मजबुतीत बोल्टनं गेला आहे की नाही, हे विचारल्याशिवाय त्यावर दोरीसुद्धा बांधू नये.

तिसरा मार्ग पन्हळीचा. जुन्या घडणीच्या चौकोनी गाड्यांना टपाच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा तिथे एकमेकांवर दुमडून जोडलेले असतात. आतून खांब येऊन तिथेच भिडतात. म्हणून ती कड साऱ्या टपात सगळ्यात ताठ. तिला क्लॅम्पनं पकडलेलं कॅरिअर पत्र्याला शिवतही नाही. सगळं वजन खांबांवाटे खाली उतरतं. बोलेरोला पन्हळ आहे. आमचा मार्ग ठरला.

टपाची कड कशी आहे यावरून कॅरिअर ठरवावं. पन्हळ असेल तर पन्हळीचं, खरे रेल असतील तर दांड्यांचं, आणि दोन्ही नसतील तर त्या गाडीसाठी कंपनीनंच दिलेल्या बैठकीचं. भोक पाडून बोल्ट ठोकणं हा चौथा मार्ग मला मान्य नाही. भोकाच्या कडेनं पाणी झिरपतं, आतल्या कापडाआड गंज धरतो आणि तो दिसतो तेव्हा पत्रा खाऊन झालेला असतो.

२६ जून, गुरुवार

आज कायद्याची बाजू तपासली. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२ : नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन खात्यानं पुढच्या लोखंडी गार्डांवर राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं, तेही याच कलमाच्या आधारे. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४ मध्ये भर पडली : माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड आणि तो जागीच उतरवण्याचा खर्च.

यावरून आमच्यासाठी नियम काढले. गाडीवर वेल्डिंग नाही, भोक नाही. कॅरिअर पान्यानं उतरवता आलं पाहिजे आणि यात्रा झाली की उतरवायचंच. रुंदी टपाच्या आत, लांबी टपाच्या आत. गाडी एमएच ४९ ची, म्हणजे पूर्व नागपूर आरटीओची. पुतण्या उद्या तिथे जाऊन विचारून येणार आहे आणि विमा कंपनीला लेखी कळवणार आहे. अपघात झाल्यावर कागद शोधण्यापेक्षा हे बरं.

२७ जून, शुक्रवार

पुतणी के.डी.के. कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरापासून कॉलेज पायी अंतरावर. संध्याकाळी ती कॅल्क्युलेटर घेऊन बसली.

"मोठे बाबा, आधी गुरुत्वमध्य पाहू. कॅरिअर तुटते की नाही ते नंतर."

गाडी, माणसं आणि आतलं सामान मिळून २,००० किलो धरले. गुरुत्वमध्य जमिनीपासून पाऊण मीटरवर धरला. टपावरचं ओझं दोन मीटर उंचीवर. तिथे ७५ किलो ठेवले तर मध्य साडेचार सेंटिमीटर वर सरकतो. २०० किलो ठेवले तर अकरा सेंटिमीटरच्या वर. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरून तिनं पुढचा हिशेब केला. २०० किलो टपावर असले तर वळणावर गाडी उलटण्याआधी जेवढा बाजूचा जोर सहन करते, त्यातला आठव्या हिश्शाहून अधिक हातचा जातो. सावनेरच्या सरळ रस्त्यावर हे कळणार नाही. घाटात, ओल्या वळणावर, समोरून ट्रक आल्यावर कळेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल.

दुसरा हिशेब ब्रेकचा. ओझं ७५ किलोचं असेल तर जोरदार ब्रेकला ते साठ किलोच्या ताकदीनं पुढे ओढतं. धडकेत हीच ओढ कित्येक पटींनी वाढते. म्हणजे क्लॅम्पला खालच्या दाबाइतकीच पुढच्या ओढीशी झुंज द्यावी लागते. तिसरा हिशेब वाऱ्याचा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलो की तो पावणेदोन पटींच्याही वर जातो.

गाडीची पुस्तिका काढली. टपाची मर्यादा गाडीगणिक बदलते. बहुतेक गाड्यांत ती ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते आणि कॅरिअरचं वजन तिच्यातच मोजायचं असतं. कंपनीच्या आकड्याच्या वर जायचं नाही हे उघड आहे. आमच्या घराचा आकडा ठरला : कॅरिअर धरून ७५ किलो. पुतणीनं तो मोठ्या अक्षरांत लिहून गाडीच्या काचेआड लावला.

३० जून, सोमवार

सकाळी इतवारीत, लोहाओळीत गेलो. तिथून बगडगंजच्या स्मॉल फॅक्टरी एरियात वेल्डिंगच्या मिस्त्रींकडे. माणूस हाताचा पक्का आहे, पण जड कामाची सवय.

"चाळीसचा अँगल लावू न भाऊ, पाच मिलीचा. जिंदगीभर वाकणार नाही."

मी त्यांच्या पाटीवर खडूनं हिशेब मांडला. खालची चौकट १.६ बाय १.१५ मीटर आणि पाच आडव्या. एकूण सव्वाअकरा मीटर माल. चाळीस-पाचचा अँगल मीटरला तीन किलो भरतो. झाले चौतीस किलो, वरचा कठडा आणि पाय वेगळे. पंचवीसचा चौकोनी पाइप, १.६ मिलिमीटर जाडीचा, मीटरला सव्वा किलोही भरत नाही; झाले तेरा किलो. कठडा आणि सहा पाय धरून सगळं कॅरिअर बावीसच्या आसपास बसतं. अँगलचं केलं तर ७५ मधले निम्म्याहून जास्त लोखंडच खाणार, आणि वाचलेल्या आकड्यात मंडळाचे गंजसुद्धा मावणार नाहीत.

मिस्त्रींनी पाटीकडे बराच वेळ पाहिलं. "मग हलकंच करू. पण जोड मी सांगतो तसे."

ते त्यांचं क्षेत्र, मी लगेच हो म्हटलं. ॲल्युमिनियमचाही विचार झाला. वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण त्याचं वेल्डिंग वेगळं, आणि जोडाजवळचा भाग उष्णतेनं नरम पडतो. वाटेत काही मोडलं तर छिंदवाड्याच्या कुठल्याही गॅरेजात लोखंडच जोडून मिळेल. जस्त चढवलेला पाइपही नाकारला. त्यावर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की ताप भरतो. कारागिराला त्रास होईल असा माल आपण का न्यावा?

३ जुलै, गुरुवार

आज दिवसभर मिस्त्रींच्या दुकानात होतो.

कॅरिअर पाइपाच्या मधोमध क्वचितच मोडतं. मोडतं ते जोडाशी, आणि जोडातही वेल्डच्या शेजारी. वितळलेला धातू जिथे संपतो आणि मूळ पाइप सुरू होतो, त्या रेषेवर केसासारखी चीर पडते. एका मोठ्या खड्ड्यानं ती पडत नाही; हजारो बारीक हादऱ्यांनी पडते. कार्यशाळेत बसच्या कमानी तपासताना आम्ही आधी तीच रेष पुसून पाहायचो. रंग तडकला असेल तर खाली चीर आहे असं समजायचं.

म्हणून मजबुतीची कामं तिथेच केली. चौकटीच्या चारही कोपऱ्यांत त्रिकोणी पट्टी बसवली; तिची टोकं तासून निमुळती केली, कारण पट्टी जिथे एकदम संपते तिथेच पुढची चीर जन्म घेते. पाइपाच्या वरच्या आणि खालच्या अंगावर ताण सर्वांत जास्त असतो, मधल्या उंचीवर सर्वांत कमी. मिस्त्रींनी होईल तिथे टाके मधल्या उंचीवर दिले. मी न सांगता दिले. चौकट आडवी कलंडू नये म्हणून दोन तिरप्या पट्ट्या कैचीसारख्या टाकल्या. उघडी टोकं पत्र्यानं बंद केली, नाहीतर पाइपात पाणी साठतं. प्रत्येक पाइपाला खालच्या अंगाला बारीक छिद्र ठेवलं. आत घाम धरला तर तो गळून जावा.

पाय सहा, तेही टपाच्या खांबांजवळ येतील असे. दोन खांबांच्या मधोमध पाय दिला तर पन्हळ एकटी पडते. प्रत्येक क्लॅम्प चार बोटं रुंद, पन्हळीत बसणाऱ्या जिभेला रबरी पट्टी. बोल्ट आठ मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ कोरलेले, त्यांना आत नायलॉनची कडी असलेले नट, कारण साधा नट हादऱ्यानं सैल होतो. आणि महत्त्वाचं म्हणजे सहाही पाय एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक जरी अधांतरी राहिला तर बोल्ट आवळताना तो पन्हळ वर ओढतो. मिस्त्रींनी कच्चे टाके मारून चौकट गाडीवर ठेवली, पाय जुळवले, मग चौकट खाली घेऊन पक्कं वेल्डिंग केलं. गाडी जवळ असताना बॅटरीची तार सोडून ठेवली होती.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

दुकान बंद. फराळ झाल्यावर कॅरिअरची परीक्षा घेतली.

अंगणात दोन लाकडी घोड्या मांडल्या, पन्हळींमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर. वर कॅरिअर ठेवलं आणि मधल्या पाइपाखाली एक दोरा ताणला. वर पाण्याचे कॅन आणि वाळूची पोती मिळून १५० किलो चढवले. नेहमी न्यायच्या ओझ्याच्या दुपटीहून बरंच जास्त. मधला पाइप दोन मिलिमीटर वाकला. पुतणीच्या कागदावर २.१ लिहिलेलं होतं. ओझं तसंच रात्रीपर्यंत ठेवलं. उतरवल्यावर पाइप पुन्हा दोऱ्याच्या रेषेत आला. वाकून परत येणारा पाइप चालतो, वाकून तसाच राहणारा चालत नाही.

चारही बाजूंनी हात लावून हलवलं, वेल्डच्या कडा कापडानं पुसून बॅटरीच्या उजेडात पाहिल्या. कुठे चीर नाही. हे बसून सोसलेलं वजन. धावत्या गाडीत हादरे त्यावर आणखी भर घालतात. म्हणून १५० किलो सोसले याचा अर्थ १५० न्यायचे असा कुणी घेऊ नये.

९ जुलै, बुधवार

काल रात्रीपासून धो धो पाऊस. शाळा-कॉलेजं बंद. पुतणी घरी. नाग नदीकाठच्या वस्त्यांतल्या लोकांची काळजी वाटते. त्यामानानं आमचं अंगण उंचावर आहे.

रंगाचं काम थांबलं, ते बरंच झालं. दमट हवेत प्रायमर मारला तर त्याखाली ओल राहते आणि रंग पापुद्र्यानं सुटतो. वेल्डवरचा काळा पापुद्रा तारेच्या ब्रशनं पूर्ण काढायचा, घासायचं, थिनरनं पुसायचं, मग जस्ताचा प्रायमर आणि त्यावर रंग. पावडर कोटिंगचा पर्याय होता. भट्टीत १८० ते २०० अंशांना भाजून येतो आणि टिकतो चांगला. पण चीर पडली तर त्या जाड थराखाली ती उशिरा दिसते. तपासणी सोपी राहावी म्हणून साधा फिका रंग घेतला. फिक्या रंगावर गंजाची रेघ लगेच उमटते.

पाऊस पाहत बसलो असताना मंडळाचे जुने सदस्य आले. इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी छोटी रेल्वे त्यांच्या आठवणीत आहे. भांडी आणि पोती घेऊन ते तिनंच जायचे. २०१५ मध्ये ती नॅरोगेज बंद झाली आणि पुढे तिथे ब्रॉडगेज आली. पचमढी आणि नागपूर यांचं नातं त्याहून जुनं. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि उन्हाळ्यात सरकारचा कारभार पचमढीला हलायचा. साहेबांच्या फायली जायच्या त्याच डोंगरात आमच्या पणजोबांच्या पिढीतले लोक नागदेवाला पायी जायचे.

१३ जुलै, रविवार

कॅरिअर गाडीवर चढलं. बोल्ट एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलो नाही. समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. दारं उघडून पाहिली, क्लॅम्पला अडत नाहीत. टेप लावून कॅरिअरची उंची मोजली, वर सामान किती येईल ते धरलं आणि एकूण उंचीची चिठ्ठी चालकासमोर चिकटवली : सव्वादोन मीटर. पार्किंगचा आडवा दांडा, रेल्वेखालचा बोगदा, मंगल कार्यालयाची कमान, सगळ्यांपुढे ही चिठ्ठी कामी येते.

मग अर्धं सामान बांधून धापेवाड्याला गेलो. विदर्भाचं पंढरपूर, आषाढीनंतर तिथे मोठी गर्दी असते. वाटेत एका ढाब्यावर दुसरी एक गाडी उभी होती. तिच्या टपावर लोखंडी पलंग आणि धान्याची पोती. कॅरिअर पन्हळीवर वीतभर पुढे सरकलेलं, पुढच्या काचेच्या वर आलेलं. चालक म्हणाले, मघाशी कुत्रं आडवं आलं, ब्रेक मारला. त्यांचे क्लॅम्प चारच आणि रबर नव्हतं; लोखंड रंगावर घसरलं होतं. आम्ही पोती खाली घ्यायला हात लावला. दोन पोती गाडीच्या आत मावली, बाकीची ढाब्यावर ठेवून ते दुसऱ्या खेपेला आले.

पुतणीचा साठ किलोंचा आकडा मला त्या ढाब्यावर डोळ्यांनी दिसला.

घरी येऊन आमचे बोल्ट तपासले. रबर दबल्यामुळे दोन किंचित सैल. नव्या कॅरिअरला पहिल्या फेरीनंतर पाना लावणं हा नियमच समजावा.

१८ जुलै, शुक्रवार

उद्या पहाटे निघायचं. आज चढवाचढव.

तराजू मंडळाच्या कोठीतून आणला आणि टपावर जाणारी प्रत्येक वस्तू मोजली. ताडपत्र्या, ब्लँकेटं, सतरंज्या, रिकामे गंज आणि पराती मिळून ४८ किलो. कॅरिअर २२. बेरीज ७०. एका कार्यकर्त्यानं गुळाची भेली वर टाकायला आणली. तिची जागा मागच्या सीटच्या पायाशी आहे, असं सांगितलं. गॅस सिलिंडरही कुणी विचारला. १४.२ किलोचा गॅस आणि वर टाकीचं लोखंड, टपावर नेण्याची वस्तूच नाही ती. माणूस तर मुळीच नाही. यात्रेच्या दिवसांत जीपच्या टपावर बसलेली पोरं पाहिली की माझं काळीज धडधडतं.

मांडणी अशी केली : जड ते खाली आणि कॅरिअरच्या मध्यावर, हलकं कडेला. गंज एकात एक घालून पालथे, म्हणजे पाणी साठत नाही. ताडपत्रीची घडी पुढून बंद, तोंड मागे. नाहीतर वारा आत शिरून ती फुगते आणि सगळं ओझं वर उचलू पाहते. नायलॉनची दोरी भिजली की लांबते, म्हणून पॉलिएस्टरचे रॅचेट पट्टे घेतले. ते दोन आडवे, दोन उभे आणि पुढच्या ओढीसाठी दोन तिरपे. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो गुणगुणत नाही. रबरी आकड्यांच्या दोऱ्या फक्त वरची चादर दाबायला. ओझं त्यांच्यावर सोडायचं नाही.

१९ जुलै, शनिवार. पचमढी

पहाटे जगनाडे चौकातून निघालो. सावनेरला चहा, तिथेच पहिल्यांदा पट्टे तपासले. दोन बोटं सैल झाले होते, आवळले. पुढे सौंसर, मग सिल्लेवानी घाट. पाऊस आणि धुकं. पुतण्या गाडी चालवत होता. त्याला एकच सांगणं होतं : टपावर ओझं असताना वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात ब्रेक नको. ताशी सत्तरच्या वर काटा गेला नाही. छिंदवाड्याला पुन्हा तपासणी, तामियाला पुन्हा. मग देलाखारी, मटकुली आणि शेवटची चढण. गाडी वळणात झुकत होती, पण सावकाश आणि सांगून झुकत होती. स्प्रिंगच्या पाट्यांवर भार बेतात होता.

पचमढीत गाडी ठरलेल्या जागी लावली. तिथून पुढे स्थानिक जिप्सी आणि मग पायवाट. हा सगळा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा. वर्षातून याच दिवसांत यात्रेसाठी उघडतो. जलगलीपासून सगळं सामान डोक्यावर. टपावरून उतरलेलं पहिलं ब्लँकेट हातात घेतलं, कोरडं होतं.

२४ जुलै, गुरुवार. डोंगरात

काजलीच्या पुढे मुक्काम. दिवसरात्र पंगती. पद्मशेषला जाणारे लोक ओलेचिंब येतात, हातात त्रिशूळ, तोंडी नागदेवाचं नाव. गरम भात आणि वरण घेऊन पाच मिनिटं ताडपत्रीखाली टेकतात आणि पुढे चालू लागतात. एक म्हातारी आजी रात्री त्याच ताडपत्रीखाली झोपली. लिहायला वेळ नाही.

३० जुलै, बुधवार. नंदनवन

काल नागपंचमी झाली, रात्री उशिरा घरी पोचलो. आज कॅरिअर उतरवून अंगणात ठेवलं आणि तपासलं.

वेल्ड सगळे शाबूत. रंग कुठे तडकलेला नाही. मागच्या डाव्या क्लॅम्पचं रबर कुरतडलं गेलं आहे, बदलायचं. पन्हळीवर दोन ठिकाणी रंग घासला, तिथे लगेच प्रायमर लावला. क्लॅम्पच्या कडेला चिखल साचला होता. तो राहिला असता तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे गंज आला असता. कॅरिअर धुऊन, वाळवून कोठीत टांगलं. गाडी पुन्हा मोकळ्या टपाची झाली. रिकामं कॅरिअर वर ठेवलं तरी ते वारा अडवतं आणि डिझेल खातं.

संध्याकाळी दुसऱ्या एका मंडळाचे लोक माप घ्यायला आले. पुढच्या वर्षी त्यांनाही असंच बनवायचं आहे. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो. टप जागा खाणाऱ्या हलक्या सामानासाठी आहे; जड सामान गाडीच्या तळाशी, दोन चाकांच्या मध्ये न्यावं. कॅरिअर जाड करण्यापेक्षा त्याचे पाय आणि जोड नीट करावेत. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहावा, त्यातून कॅरिअरचं वजन वजा करावं आणि उरेल तेवढंच तराजूवर मोजून चढवावं. मोजल्याशिवाय काही वर टाकू नये आणि माणसाला तर कधीच वर बसवू नये. एवढं पाळलं तर बावीस किलोंचं हलकं कॅरिअर सातपुड्याचा घाट बिनघोर चढतं आणि उतरतं.